पाय पाहून बूट घ्यावा

दिवाळी जवळ आली की घरोघर खरेदीच्या याद्या होतात. मुलांचे कपडे, मोठ्यांचे कपडे, पणत्या, उटणे, रांगोळी, फराळाचे सामान. आणि हात थोडा सैल असला तर एखादा दागिनासुद्धा. घरात नोकरी करणारी मुलगी किंवा सून असली तर तिच्यासाठी साडी येते, पर्स येते, फार तर समारंभात मिरवायला नाजूक सँडल येतात. पण ती परिचारिका असेल, तर ज्या बुटांवर ती रोज आठ तास, आणि पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही तर त्याहूनही अधिक वेळ, उभी असते ते बूट काही यादीत नसतात. जुने फाटले की स्टेशनवरून येता येता दहा मिनिटांत ती ते उरकते. रंग पांढरा, नंबर पाच, भाव बरा, झाली खरेदी!

या दहा मिनिटांच्या खरेदीपायी घोटे कसे दुखावतात आणि चांगल्या नोकऱ्या कशा धोक्यात येतात, हे मी जवळून पाहिले आहे. एकतीस वर्षे रुग्णालयांत काढून आता मी निवृत्त झाले आहे आणि खारदांड्याला राहते. दांडा म्हणजे मूळचा कोळीवाडा. एकीकडे बोटी, जाळी आणि उन्हात वाळणारी मासळी, तर दुसरीकडे दिवसेंदिवस उंच होत चाललेल्या इमारती. सकाळच्या पाळीला निघालेल्या मुली अंधारातच खार स्टेशनची बस गाठतात. त्यांची पावले पाहण्याची मला सवयच लागली आहे. कोण लंगडते, कुणाची टाच बुटातून निसटते, कुणाचा बूट एका बाजूला कलला आहे, हे नजरेतून सुटत नाही.

अशीच एक आमच्या आळीतली सून. एका रुग्णालयात स्टाफ नर्स. दोन वर्षांत तिचा उजवा पाय तीनदा मुरगळला. पहिल्यांदा जिन्यात, दुसऱ्यांदा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. तिसऱ्यांदा रात्रपाळीला एका आजोबांना ती खाटेवरून खुर्चीत बसवत होती आणि त्यांचा सगळा भार तिच्या खांद्यावर होता. घोटा वळला तशी ती खाटेच्या कडेवर टेकली, म्हणून आजोबा वाचले. पण त्या रात्रीची भीती तिच्या मनातून जाईना. “मावशी, पडले असते तर मी एकटी नसते पडले,” ती मला म्हणाली. नोकरी सोडून द्यावी, असे तिच्या मनात घोळू लागले. नवऱ्याची बोट पावसाळ्यात बंद. घराचा महिन्याचा हिशेब तिच्याच पगारावर चालणारा. तेव्हा हा प्रश्न एका घोट्याचा नव्हता, सबंध घराचा होता.

घरच्यांचे म्हणणे, तिची शीरच नाजूक. तेल लावून झाले, मालीश झाले, लेप झाले. तिच्या सासूबाईंना तर सगळेच नवल वाटे. “सिस्टरबाई, आमचा जन्म गेला ओल्या फळ्यांवर अनवाणी चालण्यात. डोक्यावर पाटी घेऊन! आमचा पाय कसा नाही मुरगळला?”

प्रश्न थट्टेचा नव्हता आणि त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. अनवाणी पायाची बोटे पसरतात, जमीन धरतात. टाच जमिनीला टेकलेली असते आणि पाऊल जरा वाकडे पडले तर ते तळव्याला तत्काळ कळते. सुनेचा पाय मात्र निमुळत्या बुटात कोंबलेला, जाड मऊ तळावर उचललेला आणि मागून सैल. रुग्णालयात अनवाणी चालायची सोय नाही. तिथे सुया असतात, रक्त असते, औषधांची पाणी असतात. म्हणून बूट हवाच. पण तो पायाचे गुण हिरावून घेणारा नको.

आता घोट्याची रचना थोडी पाहू. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड यांच्या खाचेत पावलाचे एक हाड बसलेले असते. हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पाऊल सपाट असले की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो; टाच उचलली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैलावतो. उंच टाचेच्या बुटात पाय का लचकतो, याचे हे एक कारण. बाहेरच्या बाजूने तीन पट्ट्यांसारखे अस्थिबंध हा सांधा धरून ठेवतात. पाऊल आत वळले की बहुधा त्यांतला पुढचा पट्टा ताणतो किंवा फाटतो. पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूही याच पट्ट्यांत असतात. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो तो यामुळे. पट्टा सैल झालेला असतो आणि वर्दी उशिरा पोचते. शीर नाजूक असण्याचा किंवा नशिबाचा इथे काही संबंध नाही.

म्हणून बुटाच्या दुकानाआधी दवाखान्याची पायरी चढावी. पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर, विशेषतः त्याच्या मागच्या कडेवर, दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली घालून दिलेला हा नियम आज जगभर वापरतात. पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि मालीश तर मुळीच नको. सूज ओसरली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा. त्यातला मुख्य व्यायाम अगदी घरगुती आहे. ओट्याला हात लावून एका पायावर अर्धा मिनिट उभे राहायचे, मग हात सोडून आणि काही आठवड्यांनी डोळे मिटून. आमच्या सूनबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत हा व्यायाम करीत. बूट कितीही चांगला असला तरी या व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर आम्ही दोघी लिंकिंग रोडला गेलो. पादत्राणांसाठी हा रस्ता मुंबईभर प्रसिद्ध. फुटपाथवर चपलांच्या माळा आणि मागे मोठी दुकाने. मुद्दाम सकाळची पाळी संपल्यावर, संध्याकाळी गेलो. कारण दिवसभर उभे राहून पाय सुजतो आणि सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी बोटे चेपतो. तिने ड्यूटीचेच मोजे घातले होते. डॉक्टरांनी सांगितलेला घोट्याचा नाडीबंद पट्टाही बरोबर नेला होता. पट्ट्यासकट पाय आत जायला हवा ना!

दुकानातला मुलगा हसतमुख होता. एक गुबगुबीत बूट पुढे करून म्हणाला, “मावशी, हा न्या. आत मेमरी फोम आहे. ढगावर चालल्यासारखं वाटेल.”

“अरे बाळा,” मी म्हणाले, “तिला ढगावर नाही, वॉर्डात चालायचंय.”

तो हसला आणि मग आम्ही मांडलेल्या परीक्षेत आनंदाने सामील झाला. ही परीक्षा कुणालाही घेता येईल.

पहिली परीक्षा टाचेची. बुटाची मागची भिंत अंगठ्याने दाबावी. ती कागदासारखी आत गेली तर बूट परत द्यावा. टाच धरून ठेवणारी ही भिंतच घोट्याची खरी राखण करते. मागून उघडे क्लॉग सोपे वाटतात, पण त्यांत टाच मोकळी राहते. आणि वर भोके असली तर सुई किंवा सांडलेले द्रव थेट पायावर येते.

दुसरी परीक्षा पिळाची. ओले फडके पिळतो तसा बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. सहज पिळला जात असेल तर तो पायालाही पिळू देईल. वाकवून पाहिला तर तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे.

तिसरी परीक्षा उंचीची. टाच फार तर इंचभर आणि खाली रुंद. काउंटरवर ठेवून बोटाने ढकलला तर बूट डुलता कामा नये. तळ फार जाड, फार मऊ नको; गादीवर उभे राहिले की तोल सांभाळणे अवघड जाते, तसेच होते.

चौथी परीक्षा बांधणीची. नाड्या हव्यात, नाहीतर रुंद चिकटपट्टी. नुसता पाय सरकवायचा बूट पायाला धरून राहण्यासाठी घट्टच घ्यावा लागतो आणि मग बोटे आखडतात. घोट्यापर्यंत उंच बूट घेतला की पाय मुरगळत नाही, असा एक समज आहे. नुसत्या उंचीने फारसे संरक्षण मिळते, असे खात्रीने सांगण्याजोगा पुरावा नाही. पुन्हा मुरगळणे टळते ते नाडीबंद पट्ट्याने आणि व्यायामाने.

पाचवी परीक्षा रुंदीची, आणि इथेच आपल्या बायका फसतात. आपल्याकडे नंबर इंग्रजी पद्धतीचे. एका नंबराने बूट इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो. नंबर लांबी सांगतो, रुंदीबद्दल चकार शब्द काढत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा आपली पावले युरोपियनांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. म्हणून घरीच कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढावी, कागद कापून दुकानात न्यावा आणि बुटाच्या तळावर ठेवावा. कागद बाहेर डोकावला की बूट अरुंद. मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्यावा आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. आमच्या सूनबाईंचे पाऊल सासूबाईंसारखे पसरट नसले तरी रुंदच. बायकांच्या फळीवर काही जमेना, तेव्हा पुरुषांच्या फळीवरचा लहान नंबर मागितला आणि तो चपखल बसला!

शेवटची परीक्षा तळाची. वॉर्डातली फरशी कधी साबणाची, कधी पाण्याची, कधी आणखी कशाची. तळ रबराचा हवा आणि त्यावर बारीक, दाट खाचा हव्यात. त्या खाचा कडेपर्यंत मोकळ्या असल्या की पाणी बाहेर निघून जाते. गुळगुळीत कडक प्लॅस्टिकचा तळ सरळ नाकारावा. कामाच्या काही बुटांवर एस.आर.सी. अशी अक्षरे असतात. साबणपाण्याच्या फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, दोन्हींकडे न घसरण्याच्या कसोटीला तो बूट उतरला आहे, असा त्यांचा अर्थ. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारी आरोग्यसेवेतील ४,५५३ कर्मचारी घेऊन एक प्रयोग केला. काहींना न घसरणारे बूट दिले, इतरांनी आपलेच वापरले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की चौदा आठवड्यांत बूट मिळालेल्यांचे घसरण्याचे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी भरले. नुसता तळ बदलून एवढा फरक!

एवढ्या सगळ्यात उत्तीर्ण झालेला बूट घालून सूनबाई दुकानभर फिरल्या. सरळ चालल्या, आडव्या चालल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या, गर्रकन वळल्या. “ड्यूटीवर घालून बघू, सैल होईल हळूहळू,” अशी समजूत घालावी लागली तर तो बूट आपला नव्हे. दुकानातच सुख वाटले पाहिजे.

किंमत तिच्या नेहमीच्या बुटाच्या तिप्पट झाली. तिचा हात पर्सशी घुटमळला. मी तिला एवढेच विचारले, की तीन वेळच्या रजेत किती पगार गेला, एक्स-रेला किती गेले, रिक्षाला किती गेले? तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि पैसे काढून दिले.

बूट घेतला म्हणजे काम संपले असे नाही. दांड्याच्या गल्लीत मासळीचे आणि बर्फाचे पाणी वाहत असते, पावसाळ्यात तर चिखलच. म्हणून रस्त्याची चप्पल वेगळी आणि ड्यूटीचा बूट रुग्णालयातल्या लॉकरमध्ये. म्हणजे रस्त्याची घाण वॉर्डात जात नाही आणि वॉर्डातली घरात येत नाही. जमल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे आतला ओलावा सुकतो. महिन्यातून एकदा बूट उलटा करून पाहावा. खाचा झिजल्या असतील किंवा टाचेची बाहेरची कड घासली असेल तर वरून तो कितीही नवा दिसो, त्याला निरोप द्यावा. बाहेरची कड झिजलेला बूट प्रत्येक पावलाला घोटा मुरगळण्याच्या दिशेनेच झुकवत असतो. आमच्या सूनबाईंचा जुना उजवा बूट नेमका तसाच झिजला होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. ती सकाळची बस पूर्वीसारखीच गाठते, कुकरपाशी एका पायावर उभी राहते आणि तिचा पाय पुन्हा मुरगळलेला नाही. रात्रपाळीला रुग्ण उचलताना आधी आपली पावले नीट रोवायची, हेही तिने अंगी बाणवले आहे. नोकरी सोडण्याची भाषा आता घरात कुणी करत नाही. सासूबाई मात्र अजून म्हणतात, “बुटाला एवढे पैसे?” पण रोज संध्याकाळी ते बूट घरी का येत नाहीत, म्हणून चौकशीही त्याच करतात.

खरे तर आपल्या परिचारिकांना आणि ब्रदरांना असे बूट रुग्णालयानेच द्यायला हवेत. गणवेश जसा कामाचा भाग, तसाच बूटही. परिचारिका घसरली तर रुग्णही तिच्याबरोबर पडतो. व्यवस्थापनापुढे हे मागणे जरूर मांडावे. पण तोवर घरच्यांनी वाट पाहत बसू नये. यंदा भाऊबीजेला तुमच्या ताटात ओवाळणी घालणारा भाऊ काय द्यावे म्हणून विचारात पडला असेल, तर त्याला हे सुचवा. फक्त बूट गुपचूप आणून चकित करू नका. तिची पाळी संपेल त्या वेळी तिला घेऊन जा आणि बरोबर ड्यूटीचे मोजे, घोट्याचा पट्टा नि पावलांचा कागद न्यायला विसरू नका.