मंद व्हर्च्युअल मशीनला आणखी रॅम देऊ नका

नाशिकमध्ये अभियांत्रिकीची मुलं, कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या क्लासमध्ये लिनक्स किंवा सायबर सिक्युरिटी शिकणारी मुलं, नोकरी सांभाळून संगणकाचा अभ्यास करणारी माणसं अशा अनेकांच्या घरच्या संगणकावर विंडोजच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात उबुंटू असतं. ते रखडायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘सेटिंगमध्ये जा, रॅम वाढव, सगळे कोअर देऊन टाक.’ घरच्या 8 जीबीच्या संगणकावर हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. मशीन आणखी मंदावतं, मग हँग होतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच काही जमत नाही.

व्हर्च्युअल मशीनचं स्वतःचं असं काहीच नसतं. त्याची रॅम, प्रोसेसर, डिस्क सगळं मूळ संगणकाकडून, म्हणजे होस्टकडून घेतलेलं. विंडोज 11 आणि चार-सहा टॅब उघडलेला ब्राउझर मिळून 4-5 जीबी सहज खातात. त्यावर उबुंटूला 6 जीबी दिले की बेरीज 8 च्या पुढे जाते आणि विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलू लागतं. फसगत इथेच होते. उबुंटूच्या आतून पाहिलं तर रॅम मोकळी दिसते, म्हणून दोष दुसरीकडे शोधला जातो. पुरावा बाहेर, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये असतो. मशीन अडकलेलं असताना तो उघडा. मेमरी नव्वदीच्या पुढे, डिस्क 100 टक्के आणि सीपीयू मात्र पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत, असं चित्र असेल, तर उपाशी होस्ट आहे. गेस्टची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची रॅम 3-4 जीबीवर आणा, ब्राउझर बंद करा, उबुंटूऐवजी झुबुंटू किंवा लुबुंटूसारखा हलका डेस्कटॉप घ्या. कोअरचंही तसंच. टास्क मॅनेजरमध्ये आठ लॉजिकल प्रोसेसर दिसले तरी खरे कोअर बऱ्याचदा चारच असतात, आणि ते चारही गेस्टला दिले की माउस हलवायलाही होस्टला वाट पाहावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समधली पट्टी हिरव्यातून लाल रंगात जाते, तो इशारा गांभीर्याने घ्यावा.

यावर कोणी म्हणेल, 16 जीबीच्या लॅपटॉपवर हेच मशीन छान पळतं, म्हणजे रॅमच लागते ना? लागते, पण होस्टमध्ये. गेस्टच्या सेटिंगमधला आकडा फुगवून ती तयार होत नाही. आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅमच्याही आधी एसएसडीवर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे विखुरलेल्या नोंदी वाचते, साधी एसएसडी हजारोंनी वाचते. इथे तर दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच डिस्कवर तुटून पडलेल्या असतात.

दुसरा गैरसमज बायोसमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सेटिंगचा. ‘मंद आहे म्हणजे व्हीटी बंद असणार’ असं सर्रास सांगतात. व्हर्च्युअलबॉक्स 6.1 पासून ही सोय बंद असेल तर मशीन मुळात सुरूच होत नाही. म्हणजे जे चालतंय पण रखडतंय, त्याचं कारण वेगळं. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसतंय का, ते पाहा. दिसत असेल तर ही सोय विंडोजच्या हायपर-व्हीने स्वतःकडे घेतलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला हायपर-व्हीमार्फत काम करावं लागतंय. ‘अपडेटनंतर मंद झालं’ या तक्रारीमागेही हे असू शकतं. डब्ल्यूएसएल, डॉकर किंवा विंडोज सिक्युरिटीतलं मेमरी इंटिग्रिटी चालू असलं की असं होतं. पण मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे. ज्या संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तिथे थोड्या वेगासाठी ते बंद करू नये. नुसत्या लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं.

मशीन मध्येच बंद पडलं की ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारा’ हा सल्ला येतो. त्यात केलेलं सगळं काम जातं आणि कारण तसंच राहतं. आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय ते बघावं. डायनॅमिक डिस्क 50 जीबीची दाखवली तरी तिची फाइल हळूहळू वाढत जाते. होस्टवरची जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवतो, आणि ते कोसळल्यासारखं वाटतं. जागा मोकळी केली की ते तिथूनच पुढे चालू करता येतं. दुसरं कारण लाइट जाण्याचं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर गेस्टने लिहिलेला मजकूर डिस्कवर पोचण्याआधीच सगळं बंद पडतं आणि उबुंटूची फाइल सिस्टिम बिघडू शकते. अशा वेळी स्नॅपशॉट वाचवेल, या भरवशावर राहू नये. स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवर टेकलेला असतो, ती गेली की तोही गेला. मशीन बंद करून एक्स्पोर्ट केलेली प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणं, हाच बॅकअप.

नाशिकची हवा थंड, इथे लॅपटॉप कशाला तापेल, असंही म्हणतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची जाळी बंद होते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी नीट चालणारं मशीन दुपारी रखडत असेल, तर सेटिंगला हात न लावता लॅपटॉप टेबलावर ठेवून, पंख्याची जाळी साफ करून पुन्हा तपासावं. त्यानंतरही ते कोसळत असेल, तर मशीनच्या नावावर राइट क्लिक करून ‘शो लॉग’ उघडावा, आणि कोणाकडेही मदत मागताना त्यातल्या शेवटच्या पन्नासेक ओळी सोबत द्याव्यात.