परतीच्या वाटेवरील दोष : दोन इंटरनेट-सेवादात्यांच्या जोडणीतील मार्गनिर्णयाची तपासणी

एकाच संस्थेने दोन सेवादात्यांकडून इंटरनेटची जोडणी घ्यावी, हा प्रघात आता रूढ झाला आहे. एक वाहिनी बंद पडली असता दुसरीवर काम चालावे, हा त्यामागील सरळ हेतू होय. परंतु दुसरी वाहिनी जोडल्यावर पुष्कळदा असे आढळते की, वाहिनी चालू आहे, सेवादात्याचा गेटवे उत्तर देतो, आणि तरीही त्या वाहिनीच्या पत्त्यावर बाहेरून संपर्क साधणाऱ्यास काहीच उत्तर मिळत नाही. अशा वेळी दोष सेवादात्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो बहुधा संस्थेच्या राउटरमध्येच, आणि तोही पॅकेटाच्या परतीच्या वाटेवर असतो. तो वेळीच सापडला नाही, तर संकटकाळासाठी घेतलेली वाहिनी ऐन संकटात निरुपयोगी ठरते.

या दोषाचे मूळ मार्गनिर्णयाच्या परंपरागत रीतीत आहे. राउटर पॅकेटाचा केवळ गंतव्य पत्ता पाहतो आणि मार्गसारणीत त्यास जुळणारी वाट निवडतो. पॅकेट कोणाकडून निघाले, याची तो चौकशी करीत नाही. समजा, पहिल्या सेवादात्याने १९२.०.२.१० आणि दुसऱ्याने १९८.५१.१००.१० हा पत्ता दिला असून सामान्य मार्ग पहिल्याकडे जातो. दुसऱ्या पत्त्यावर आलेल्या विनंतीचे उत्तर १९८.५१.१००.१० हा उगम-पत्ता धारण करून पहिल्या सेवादात्याच्या वाहिनीवरून बाहेर पडते. आपण न दिलेल्या पत्त्याचे पॅकेट ग्राहकाकडून आल्यास सेवादात्याने ते टाकून द्यावे, अशी शिफारस मे २००० मधील आरएफसी २८२७ या लेखात आहे. ती पाळणाऱ्या सेवादात्याकडे हे उत्तर कोणतीही सूचना न देता नष्ट होते.

यावर उपाय म्हणजे धोरणाधिष्ठित मार्गनिवड. लिनक्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीपासून ही सोय आहे. तीत एकाऐवजी अनेक मार्गसारण्या असतात, आणि कोणती सारणी पाहावयाची हे नियमांनी ठरते. नियम चढत्या क्रमांकाने तपासले जातात. मूळचे नियम तीनच : क्रमांक ० ‘लोकल’ सारणीकडे, ३२७६६ ‘मेन’कडे आणि ३२७६७ ‘डीफॉल्ट’कडे नेतो. यांच्या मध्ये ‘१९८.५१.१००.१० या पत्त्यावरून निघालेल्या पॅकेटासाठी दुसऱ्या सेवादात्याची सारणी पाहावी’ असा नियम घातला, की उपरोक्त दोष दूर होतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. नियमाने दाखविलेल्या सारणीत वाट सापडली नाही, तर शोध थांबत नाही. तो मुकाट्याने पुढील नियमाकडे जातो. इंटरफेस बंद केला असता त्यावरील मार्ग सर्व सारण्यांतून पुसले जातात, नियम मात्र तसेच राहतात. तो पुन्हा चालू केल्यावर दुसऱ्या सारणीतील मार्ग कोणी परत भरले नाहीत, तर नियम शाबूत दिसतो आणि पॅकेटे ‘मेन’ सारणीने चुकीच्या वाटेस लागतात. म्हणून नियमांची यादी पाहून समाधान मानू नये. सारणीही उघडून पाहावी.

सर्व्हर राउटरच्या आड, खासगी पत्त्यावर असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘नॅट’ या नावाने परिचित असलेल्या पत्त्याच्या रूपांतरात, सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तराचा उगम-पत्ता मार्गनिर्णय झाल्यानंतर बदलतो. मार्गनिर्णयाच्या क्षणी त्यावर खासगी पत्ताच असल्यामुळे उगम-पत्त्याचा नियम त्यास लागूच पडत नाही. येथे जोडणीलाच खूण करावी लागते : विनंती दुसऱ्या वाहिनीवरून आली असता जोडणीवर खूण नोंदवावी, आतून उत्तर येताच ती खूण मार्गनिर्णयापूर्वी पॅकेटावर उतरवावी, आणि नियम त्या खुणेवर बांधावा. खूण बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवरही उतरविली, आणि दुसऱ्या सारणीत अंतर्गत जालाचा मार्ग नसला, तर आत जावयाची पॅकेटे पुन्हा बाहेर धाडली जातात.

तिसरे कारण उलट-मार्ग पडताळणीचे. आलेल्या पॅकेटाच्या उगमाकडे जाणारी वाट त्याच इंटरफेसवरून नसेल, तर कडक पडताळणीत लिनक्स ते पॅकेट टाकून देते. ‘आरपी-फिल्टर’चे मूल्य ० म्हणजे पडताळणी नाही, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. अनेक वाहिन्या असता कडक पडताळणीने योग्य पॅकेटेही नाकारली जातात, याची चर्चा २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्ये आहे. इंटरफेसचे मूल्य आणि ‘ऑल’चे मूल्य यांपैकी जे मोठे, ते अमलात येते. म्हणून केवळ इंटरफेसवर ० लिहून ‘ऑल’चे १ तसेच ठेवल्यास काहीच बदलत नाही.

तपासणीचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम ‘टीसीपीडंप’ने दोन्ही बाह्य इंटरफेस एकाच वेळी पाहावेत. विनंती दुसऱ्यावर येऊन उत्तर पहिल्यावरून जात असेल, तर दोष नियमांत किंवा सारणीत आहे. विनंती येते, पण उत्तर कोठूनच निघत नाही, असे असल्यास अंतर्गत इंटरफेस पाहावा. विनंती तेथवर पोहोचत नसेल, तर प्रथम उलट-मार्ग पडताळणीचा संशय घ्यावा, कारण टीसीपीडंपला पॅकेट त्या पडताळणीपूर्वीच दिसते. यानंतर ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेने राउटरलाच निर्णय विचारावा. त्या वेळी गंतव्याबरोबर उगम-पत्ता व खूण, आणि राउटरमधून केवळ पार होणाऱ्या पॅकेटासाठी आगमनाचा इंटरफेसही सांगणे अवश्य आहे. अन्यथा मिळणारे उत्तर भलत्याच पॅकेटाचे असते.

वाहिनीची परीक्षा गेटवेपाशी थांबवू नये. गेटवे उत्तर देत असूनही त्यापलीकडील मार्ग तुटलेला असू शकतो; म्हणून प्रत्येक वाहिनीवरून, तिचाच उगम-पत्ता वापरून, दूरच्या पत्त्याची चाचणी नियमितपणे घ्यावी. दोन वाहिन्यांच्या व्यवस्थेत जाण्याची आणि परतण्याची वाट या दोन स्वतंत्र गोष्टी होत. त्यांची परीक्षाही स्वतंत्रपणे झाली, तरच दुसरी वाहिनी खऱ्या अर्थाने उपलब्ध आहे असे म्हणता येते.