मोटारीच्या चाकांतील हवेचा दिवा

थंडींत पहांटे मोटार चालू करतांच घोड्याच्या नालासारखें पिंवळें चिन्ह उमटतें व हवा भरली तरी जात नाहीं, अशी कित्येक बागाईतदार बंधूंची तक्रार आहे. कोणी त्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात. परंतु कमी हवेचें चाक धांवतांना तापून फुटूं शकतें. मग गाडींतील माणसांचें काय?

चिन्ह सुमारें मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर दोष यंत्रणेचा. बहुधा चाकांतील सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती सामान्यतः ५ ते १० वर्षें टिकते.

आरंभापासून स्थिर असेल, तर गाडी ३ तास उभी राहिल्यावर हवा मोजावी. पंपापर्यंत जातांच चाक तापून दाब वाढतो; त्या वेळीं ‘बरोबर’ भरलेली हवा पहांटे कमीच ठरते. तपमान सुमारें ५.५ अंश सेल्सिअस उतरलें कीं दाब अदमासें १ पीएसआय घटतो. प्रमाण चालकाच्या दाराच्या चौकटीवर पाहावें. टायरच्या कडेवरील आंकडा कमाल मर्यादेचा असतो.

कांहीं मोटारींच्या चाकांत सेन्सर नसतोच. हवा उतरलेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक फिरतें, यावरून यंत्रणा अनुमान काढते. अशा गाडींत हवा भरून रीसेट करावें लागतें. हें न कळल्यामुळें प्रस्तुत लेखक आठवडाभर हवाच भरीत होता!

एकच चाक पुनःपुन्हां उतरत असेल, तर वाल्व व टायर यांस साबणाचें पाणी लावावें; बुडबुडे दिसतील तेथें गळती. शेतवाटेवरील बाभळीचा कांटा ट्यूबलेस टायरांतून हवा हळूहळू सोडतो. तो वाटेंतच उपटूं नये. दुरुस्तीच्या दुकानीं नेऊन काढवावा.