तारीख चुकली, दावा गेला

आंधळगाव हे कोशाच्या कापडाचे गाव. धानाचेही गाव. इथे उधारीचे व्यवहार चालतातच. पैसे अडकले आणि आपसांत मिटले नाही, की माणूस दिवाणी न्यायालयात दावा लावतो. वकील केला, कोर्टफी भरली, की त्याला वाटते, झाले आपले काम! पण पऱ्हे टाकले म्हणजे धान घरात आले असे होते काय? दाव्याचेही तसेच आहे.

समजा, एका विणकराने व्यापाऱ्याला २०,००० रुपयांचे कापड उधार दिले. पैसे आले नाहीत. त्याने दावा लावला. पेशीच्या दिवशी घरी रोवणी होती. तो म्हणाला, "जाऊ द्या, वकीलसाहेब पाहून घेतील." वकील दुसरीकडे गुंतले. कोर्टात पुकारा झाला. व्यापारी हजर, विणकराकडून कोणीच नाही. अशा वेळी न्यायाधीश दावा काढून टाकतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ९ नियम ८ मध्ये तसे सांगितले आहे. व्यापाऱ्याने ५,००० रुपये कबूल केले, तर तेवढ्यापुरता हुकूम मिळतो. बाकीचे १५,००० गेले. त्याच कारणासाठी नवा दावाही लावता येत नाही.

हा कायदा कडक वाटतो. पण दुसरी बाजूही पाहावी. ज्याच्यावर दावा आहे, तोही काम बुडवून येतो. त्याला किती दिवस टांगून ठेवायचे?

दोघेही गैरहजर असले तरी दावा निघू शकतो. मात्र तेव्हा, मुदत शिल्लक असेल तर, नवा दावा लावता येतो.

मग विणकराने काय करावे? हातपाय गाळू नयेत. दावा पुन्हा चालू करावा, असा अर्ज त्याच न्यायालयात द्यावा. मुदत ३० दिवसांची. ती दावा निघाला त्या दिवसापासून मोजतात, आपल्याला कळले त्या दिवसापासून नव्हे. उशीर झाला, तर उशिराचेही कारण द्यावे लागते. गैरहजेरीचे कारण पुरेसे हवे. आजारी होतो, तर डॉक्टरचा कागद जोडावा. रोवणीची घाई न्यायालय मानीलच असे नाही. कारण पटले तर दावा पुन्हा चालू होतो. समोरच्याचा खर्च भरावा लागू शकतो. अर्ज नामंजूर झाला, तर अपील करता येते.

वकिलाच्या चुकीने पक्षकार बुडावा काय? १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निरपराध पक्षकाराचे अपील पुन्हा चालू केले. पण या भरवशावर घरी बसू नये.

म्हणून आम्ही सांगतो: प्रत्येक पेशीची तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहा. दाव्याचा नंबरही लिहा. जाणे जमत नसेल तर वकिलांना आधी कळवा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. न्यायालयात जाऊन विचारा.

आपल्याला आता लिहिता-वाचता येते. पहिली नोंद पेशीच्या तारखेची करा.