अभियांत्रिकीतील संख्यात्मक पद्धती

ज्या समीकरणांची उकल सूत्राने मिळत नाही, त्यांची आसन्न उत्तरे पुनःपुन्हा आकडेमोड करून काढण्याच्या रीतींना संख्यात्मक पद्धती म्हणतात. न्यूटन-रॅफसन, रुंगे-कुट्टा आदी पद्धती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविल्या जातात. परीक्षेत दोन-तीन आवर्तने हाताने केली की प्रश्न सुटतो. उद्योगात हीच आकडेमोड संगणकप्रणाली करते आणि उत्तर कितपत विश्वसनीय आहे, हे अभियंत्याला ठरवावे लागते.

हे अंतर कमी करण्यास मुंबईतील पवई येथील आयआयटीचा फॉसी प्रकल्प उपयुक्त ठरला आहे. त्यात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त प्रणालीत लिहितात. येथे उत्तर पुस्तकाशी ताडून पाहता येते. कारखान्यात मात्र छापील उत्तर नसते.

तेथे पडताळणी चुकल्यास काय होते, हे नॉर्वेतील स्लाइपनर-ए या तेल-वायू फलाटाच्या उदाहरणावरून दिसते. त्याच्या काँक्रीटच्या पायाचे विश्लेषण फायनाइट एलिमेंट पद्धतीने झाले होते. काही भागांत गणनेची जाळी सदोष व ढोबळ असल्यामुळे भिंतींतील कर्तन ताण सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीदरम्यान भिंत फुटून पाया बुडाला. नंतर अधिक काटेकोर विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.