त्वरकाच्या तोंडाशी

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘लेहिपा’ नावाचा प्रोटॉन त्वरक आहे. त्याच्याबद्दल बोलताना सगळे 20 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा आकडा सांगतात. आकडा मोठाच आहे. पण असल्या यंत्राचं बरंचसं भवितव्य त्याच्या तोंडाशी, 50 हजारांवरच ठरून जातं.

तिथे बसतो आयन स्रोत. धातूच्या छोट्या कोठीत हायड्रोजन सोडायचा, सुमारे 875 गाउसचं चुंबकीय क्षेत्र ठेवायचं आणि 2.45 गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह लहरी आत पाठवायच्या. (स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीही वारंवारिता हीच.) या क्षेत्रात इलेक्ट्रॉन लहरींच्याच तालावर गिरक्या घेतात, ऊर्जा उचलतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. मग 50 किलोव्होल्टच्या ताणाने धनभारित आयन बाहेर ओढायचे.

बाहेर येतात ते सगळे प्रोटॉन नसतात. दोन-तीन अणूंचे हायड्रोजन आयनही घुसतात. ते ओळखायची युक्ती सुरेख आहे: खिडकीतून झोताची लाली बघायची. हायड्रोजनची लाल रेषा 656.3 नॅनोमीटरवर असते. पण झोतातले अणू पळत असल्याने डॉप्लर परिणामामुळे ती सरकते. सुटा प्रोटॉन सर्वांत वेगवान, जोडीतला त्याहून मंद, तिकडीतला आणखी मंद. म्हणून सरकलेल्या रेषा तीन दिसतात. त्यांची तीव्रता तोलली की भेसळ किती, ते कळतं.

पुढचा पेच वेगळाच. 30 मिलिअँपियरचा झोत म्हणजे सेकंदाला जवळजवळ 19 कोटी अब्ज प्रोटॉन, आणि सगळे एकमेकांना दूर लोटणारे. झोत फुगतो. सोलेनॉइड चुंबक तो आवळतात, पण खरी मदत येते ती अपुऱ्या निर्वातामुळे! उरलेल्या वायूच्या रेणूंवर प्रोटॉन आदळतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि झोताच्या धनभारात अडकून तो बराचसा मिटवतात. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम थोडा क्रिप्टॉन किंवा आर्गॉन सोडतात. वायू फार झाला तर प्रोटॉनच उदासीन होऊन हातचे जातात. ही मात्रा गणितात ढोबळ कळते, नेमकी सापडते ती चाचणीतच.

चाचणीही सोपी नाही. 50 किलोव्होल्ट गुणिले 30 मिलिअँपियर म्हणजे दीड किलोवॉट. झोत मोजणारा फॅराडे कप पाण्याने थंड ठेवावा लागतो. पुढे बारीक फटीतून झोताचे तुकडे घेऊन प्रत्येक तुकडा किती कोनाने पसरतो ते मोजतात.

एवढी चिकाटी कशासाठी? थोरियमच्या अणुभट्टीला न्यूट्रॉन पुरवणारा 1 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा त्वरक हे दूरचं लक्ष्य आहे. तिथे हाच 30 मिलिअँपियरचा झोत 30 मेगावॉटचा होईल, आणि माणसाला नंतर दुरुस्तीसाठी जवळ जाता यावं, तर गळती मीटरमागे 1 वॉटच्या आतच हवी. शिवाय झोत मधेच तुटला तर भट्टीचं तापमान झपाट्याने खाली-वर होतं. म्हणून स्रोत दिवसचे दिवस चालू ठेवून इलेक्ट्रोडांमध्ये ठिणगी कितीदा पडते, तेही मोजत बसावं लागतं.