पेनरोजांचं दप्तर

त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या चोपडीत खापरपणजोबांचं नाव निघतं आणि माणूस हरखतो. कोण कुणाचा मुलगा, हे त्या नामावळीत असतं. कुठलं मूल बोलायलाच शिकलं नाही, हे मात्र नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने जपलेल्या लायोनेल पेनरोज यांच्या दप्तरात नेमकं तेच आहे.

पेनरोज (१८९८–१९७२) आधी मनोविकारतज्ज्ञ, मग आनुवंशिकीचे प्राध्यापक. १९३०च्या दशकात कोल्चेस्टरच्या एका संस्थेतले १२८० मतिमंद रुग्ण त्यांनी तपासले आणि त्यांच्या आईवडील-भावंडांचीही चौकशी केली. त्याचा अहवाल १९३८ साली निघाला. डाऊन सिंड्रोमचा संबंध बापाच्या नव्हे, आईच्या वयाशी आहे, हे त्यांनी १९३३ सालीच आकड्यांनी दाखवलं होतं. १९४५ मध्ये ते शास्त्रज्ञ गॉल्टन यांच्या नावाच्या अध्यासनावर आले. ‘चांगल्या वाणाची’ प्रजा वाढवू पाहणाऱ्या सुप्रजननशास्त्राचं ते माहेरघर, आणि पेनरोजांना तो विचारच मान्य नव्हता. तिथल्या नियतकालिकाच्या नावातून ‘सुप्रजनन’ हा शब्द त्यांनी १९५४ मध्ये काढला, अध्यासनाच्या नावातून १९६३ मध्ये.

असं दप्तर जपायचं, तर पहिलं काम टाचण्या काढायचं. त्या गंजतात आणि कागद खातात. मग आम्लमुक्त वेष्टनं, खोकी, यादी. कागदांचा मूळ क्रम मोडायचा नाही, हा या कामातला दंडक. पेनरोजांना कोड्यांचा भारी नाद. मुलगा रॉजर याच्यासह त्यांनी १९५८ मध्ये कधीच न संपणारा जिना कागदावर उतरवला, आणि तो पाहून चित्रकार एशरने आपलं प्रसिद्ध चित्र काढलं. अशा माणसाचं कोडं कुठल्या पत्राशेजारी पडलं होतं, यालाही अर्थ असतो.

अवघड काम पुढे असतं. वंशावळीच्या तक्त्यात चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. आत काळं भरलं की रोग. एक चौकोन काळा झाला की त्याची भावंडं, मुलं, नातवंडं सगळीच संशयाच्या रेघेवर येतात. ‘इडियट’, ‘इंबेसाईल’ हे तेव्हाचे अधिकृत वर्ग होते. ते शब्द पुसले तर इतिहास खोटा होतो, उघडे ठेवले तर कुणाच्या तरी आजीला लागतात.

२०१३ साली वेलकम ग्रंथालयाने क्रिक, हॉल्डेन या शास्त्रज्ञांच्या कागदांबरोबर हे दप्तरही संगणकावर खुलं केलं. मात्र असे कागद खुले करताना आधी पान न् पान तपासावं लागतं, आणि रुग्णाची ओळख उघडी पडेल ते कित्येक वर्षं झाकून ठेवावं लागतं.

संशोधक कुरकुरतात. पण त्र्यंबकच्या चोपडीत वंशज स्वतः जाऊन नाव घालतो, खाली सही करतो. पेनरोजांच्या तक्त्यातल्या एकाही वर्तुळाखाली सही नाही.